दात, पेस्ट आणि पुरावा: लिहिणाऱ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी दंतवैद्य नाही. आरोग्यावरचा मराठी मजकूर छापण्याआधी तपासणं हे माझं काम. टूथपेस्ट, मंजन, माउथवॉश, ब्रश यांच्यावर लिहिणारी मंडळी फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डब्यावर ‘वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध’ असं छापलेलंच आहे. मग मी तसं लिहिलं तर बिघडलं कुठे?

सिद्ध काय झालं, हे त्या दोन शब्दांत कुठेच नाही. कोणाच्या तोंडात तपासलं, कशाशी तुलना केली, किती दिवस पाहिलं आणि मोजलं काय, या चार गोष्टी माहीत असल्याशिवाय ते वाक्य तुमच्या लेखात येऊ देऊ नका. चारही उत्तरं मिळाली की वाक्य आपोआप लहान होतं. ‘हिरड्यांचे विकार दूर करते’ याचं ‘सहा आठवडे वापरल्यावर हिरड्यांतून रक्त येण्याचं प्रमाण साध्या पेस्टपेक्षा कमी झालं’ असं होतं. कंपनीच्या जाहिरात विभागाला हे दुसरं वाक्य आवडणार नाही. वाचकाच्या कामाचं मात्र तेच आहे.

२. सगळे अभ्यास सारखेच ना? नसतील तर वरचढ कोणता, हे कसं ओळखायचं?

सारखे नसतात. सगळ्यात खाली प्रयोगशाळेतले प्रयोग. पेस्टच्या प्रयोगांत माणसाच्या दातांऐवजी अनेकदा गाईचे दात वापरतात, कारण ते मोठे असतात आणि सहज मिळतात. दाताचा चौकोनी तुकडा कापायचा, आम्लात बुडवायचा, पेस्टच्या पाण्यात ठेवायचा आणि कडकपणा मोजायचा. प्रयोग म्हणून हे उत्तमच, पण त्या तुकड्याला ना लाळ असते, ना जीभ, ना दुपारचा चहा-बिस्किटं. अशा अभ्यासावर लिहिताना ‘प्रयोगशाळेत’ हा शब्द पहिल्याच वाक्यात यायला हवा, शेवटच्या परिच्छेदात नव्हे.

त्याच्या वर माणसांवरच्या चाचण्या. त्यांतही चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडलेले असतील, आणि कोणाला कोणती पेस्ट मिळाली हे वापरणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला, दोघांनाही माहीत नसेल, तर ती चाचणी वजनदार. तुलनेचा गट का लागतो, हे दातांच्या बाबतीत फार छान दिसतं. ‘महिन्याने दात तपासणार आहोत’ एवढं सांगितलं तरी माणसं नीट ब्रश करू लागतात! त्यामुळे साधी पेस्ट मिळालेल्या गटाच्याही हिरड्या सुधारतात. ‘वापरापूर्वी आणि वापरानंतर’ एवढेच फोटो दाखवणाऱ्या अभ्यासात ही सुधारणा पेस्टच्या नावावर जमा होते.

सगळ्यात वर, एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या शोधून, तपासून, एकत्र मांडणारे पद्धतशीर आढावे. ते कुठे मिळतात, ते पुढच्या प्रश्नात.

३. इंग्रजी शोधनिबंध वाचून डोकं चक्रावतं. सुरुवात कुठून करू?

कॉक्रेनपासून. १९९३ मध्ये सुरू झालेली ही आंतरराष्ट्रीय संस्था आढावे करते आणि प्रत्येक आढाव्याचा सोप्या भाषेतला सारांश सगळ्यांना फुकट वाचायला ठेवते. फ्लोराइड, विजेवरचे ब्रश, क्लोरहेक्सिडिन (माउथवॉशमधलं जंतुनाशक), फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) अशा बहुतेक नेहमीच्या विषयांवर तिथे काही ना काही सापडतं. सारांशात पुराव्याची खात्री ‘जास्त, मध्यम, कमी, फार कमी’ अशी दिलेली असते. आकडा उचललात तर हा शब्दही सोबत उचला.

त्यानंतर पबमेड. हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा शोधसाठा आहे. ‘पबमेडवर आहे म्हणजे खात्रीचं’ असं मला बरेच जण लिहून पाठवतात. ग्रंथालयात पुस्तक असणं आणि पुस्तक खरं असणं यांत जेवढं अंतर, तेवढंच इथेही.

भारतातली चाचणी असेल तर सीटीआरआय ही वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही उघडा. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून चाचणीची नोंद सक्तीची झाली. काय मोजणार, हे संशोधकांनी सुरुवातीला तिथे लिहिलेलं असतं. छापलेल्या निबंधात भलतंच काही मोजलेलं दिसलं, तर ठरवलेला निकाल लागला नाही म्हणून दुसरा शोधला की काय, अशी शंका घ्यायला जागा आहे.

४. ‘कीड २४ टक्क्यांनी कमी’ म्हणजे शंभरातल्या २४ मुलांचे दात वाचले, असं लिहू का?

नाही. हा घोटाळा सगळ्यात जास्त होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हा आकडा २००३ च्या कॉक्रेन आढाव्यातला आहे. फ्लोराइड पेस्टवरचे ७४ अभ्यास त्यात घेतले, त्यांपैकी ७० मधले आकडे एकत्र केले, आणि मुलांची संख्या बेचाळीस हजारांच्या वर होती. मोजमाप मुलांचं नव्हतं, दातांच्या पृष्ठभागांचं होतं. दाढेला वरचा, आतला, बाहेरचा आणि शेजारच्या दातांना टेकणारे दोन असे पाच पृष्ठभाग असतात. वर्षभरात किडणाऱ्या, भराव्या लागणाऱ्या किंवा दात गेल्यामुळे जाणाऱ्या पृष्ठभागांची वाढ फ्लोराइड पेस्टच्या गटात २४ टक्क्यांनी कमी होती.

आता यातली गंमत बघा. एखाद्या ठिकाणी मुलाचे वर्षाला सरासरी २.६ नवे पृष्ठभाग किडत असतील, तर २४ टक्के म्हणजे सुमारे ०.६. अशा ठिकाणी दोन मुलंही लागत नाहीत, वर्षाला एक पृष्ठभाग वाचतो. मुळात कीडच कमी, वर्षाला १.१ पृष्ठभाग असेल, तर तेच २४ टक्के म्हणजे पाव पृष्ठभाग, आणि एक वाचवायला साधारण चार मुलं. टक्के तेच, फायदा मात्र जागेप्रमाणे बदलतो. म्हणून टक्के लिहिताना ‘कशाचे’ हे लिहा, आणि मूळ प्रमाण माहीत असेल तर तेही.

५. ‘९९.९ टक्के जंतू मारते’ हे खोटं आहे का?

बहुधा खोटं नसतं, पण त्याचा उपयोगही फारसा नसतो. असे आकडे साधारणपणे काचेच्या भांड्यात, ठरावीक जंतूंवर, ठरावीक वेळ मोजलेले असतात. तोंडात सातशेच्या वर प्रकारचे जंतू आढळले आहेत, आणि दातांवरचे जंतू चिकट थरात दडून बसतात. चूळ थुंकल्यावर उरलेले पुन्हा वाढायला लागतात. शिवाय सगळे जंतू मारणं हा तोंडाच्या आरोग्याचा हेतूच नाही. ‘जंतू मेले’ आणि ‘माणसाला फायदा झाला’ यांतल्या अंतराबद्दल पुढचा प्रश्न.

६. प्लाक कमी झाला म्हणजे कीडही कमी होणारच ना?

गृहीत धरू नका. प्लाक (दातांवरचा जंतूंचा चिकट थर) आणि हिरड्यांची सूज यांचं नातं पक्कं आहे. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर पूर्ववत झाल्या. इतका स्वच्छ प्रयोग दंतशास्त्रात क्वचितच सापडेल.

कीड मात्र सावकाश होते. तिची चाचणी दोन-तीन वर्षं चालवावी लागते, खर्च प्रचंड येतो. म्हणून कंपन्या चार-सहा आठवड्यांत मोजता येणारा प्लाक मोजतात, आणि जाहिरात लिहिणारा त्यावरून ‘मजबूत दात’पर्यंत उडी मारतो. विजेवरच्या ब्रशचं उदाहरण घ्या. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार तीन महिन्यांपेक्षा जास्त वापरानंतर हातच्या ब्रशच्या तुलनेत प्लाक २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी आढळली. पण रोजच्या आयुष्यात या फरकाचं महत्त्व किती, हे स्पष्ट नसल्याचं त्याच आढाव्यात म्हटलं आहे. ‘विजेवरचा ब्रश कीड रोखतो’ असं त्यावरून लिहिता येत नाही.

७. ‘दहापैकी नऊ डेंटिस्ट’ हा पुरावा धरायचा का?

तो फार तर बाजारपाहणीचा पुरावा झाला. २००७ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने कोलगेटच्या ‘८० टक्क्यांहून अधिक दंतवैद्य शिफारस करतात’ या जाहिरातीला दिशाभूल करणारी ठरवलं. पाहणीत दंतवैद्यांना एकापेक्षा जास्त ब्रँड सांगायची मुभा होती, त्यामुळे दुसऱ्या ब्रँडचीही शिफारस जवळपास तितकीच झाली होती.

आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेन्सोडाइनच्या जाहिराती थांबवून दहा लाख रुपये दंड केला. ‘जगभरातील दंतवैद्यांची शिफारस’ या दाव्यामागे होती भारतातल्याच दंतवैद्यांमध्ये केलेली पाहणी. जाहिरातीत परदेशी दंतवैद्य दाखवले होते, कारण आपल्याकडे दंतवैद्याने असा जाहीर पुरस्कार करणं नियमात बसत नाही.

तुम्ही दंतवैद्याची मुलाखत घेतलीत तर ती जरूर छापा, फक्त ‘हे त्यांचं मत’ आणि ‘हा अभ्यासाचा निष्कर्ष’ हे वेगळं दिसलं पाहिजे.

८. अभ्यासाला कंपनीने पैसे दिले असतील तर तो टाकूनच द्यायचा का?

टाकू नका, पण उघड सांगा. टूथपेस्टच्या मोठ्या चाचण्यांना कंपन्यांखेरीज पैसे देणारं फारसं कोणी नसतं. सगळे फेकले तर फ्लोराइडचाही बराच पुरावा हातचा जाईल.

पैशाचा परिणाम मात्र खरा आहे. औषधं आणि उपकरणं यांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन आढावा २०१७ मध्ये आला. कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासांत अनुकूल निकाल लागण्याचं प्रमाण इतरांच्या सव्वापटीहून थोडं जास्त होतं. आकडे खोटे लिहिले जातात असा याचा अर्थ नाही. खेळी बहुधा तुलना निवडताना होते.

२००५ चा न्यूयॉर्कमधला लिस्टरीन माउथवॉशचा खटला मी नव्या लेखकांना नेहमी सांगते. ‘फ्लॉसइतकंच परिणामकारक’ ही जाहिरात सहा-सहा महिन्यांच्या दोन खऱ्याखुऱ्या चाचण्यांवर उभी होती. पण फ्लॉसच्या गटाला सुरुवातीला एकदा शिकवून घरी सोडलं होतं, आणि निकाल पाहता त्यांनी फ्लॉस नीट वापरलाच नव्हता. शिवाय हिरड्यांचा गंभीर आजार असलेले लोक चाचणीत घेतलेले नव्हते. न्यायालयाने जाहिरात खोटी आणि दिशाभूल करणारी ठरवली. चाचणी प्रामाणिक असूनही तिच्यावर रचलेलं वाक्य खोटं असू शकतं, ते असं.

सध्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या (दात ज्याचे बनतात त्या खनिजाच्या) पेस्टचा बोलबाला आहे. त्यावर प्रौढांमधली १८ महिन्यांची चाचणी २०२३ मध्ये आली, निकालही आशादायक आहे. लेखकांपैकी काही जण उत्पादक कंपनीचे नोकर होते. मी असा मजकूर ‘आशादायक, पण फ्लोराइडइतका जुना आणि मोठा पुरावा अजून नाही’ असा जाऊ देते, आणि नोकरीचा उल्लेख काढू देत नाही.

९. फ्लोराइड विष आहे असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. लेखात दोन्ही बाजू मांडू का?

बाजू मांडण्याआधी मात्रा मांडा. या विषयात अर्धी भांडणं एककांमुळे होतात.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे दातांवर डाग पडणं, हाडं-सांधे आखडणं हा खरा, मोठा प्रश्न आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. टूथपेस्टमध्ये मात्र १००० पीपीएमपर्यंत चालतं. वाचक म्हणतो, ‘पाण्यात एक नि पेस्टमध्ये हजार? म्हणजे विषच की!’

आता हिशेब करा. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅम, आणि त्यातली बहुतेक थुंकली जाते. लिटरला १.५ मिलिग्रॅमचं पाणी दिवसाला दोन लिटर प्यायलं तर ३ मिलिग्रॅम पोटात जातं, आणि ते कोणी थुंकत नाही.

धोका कुठे आहे, तेही लिहा. शरीराच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेलं तर ताबडतोब दवाखाना गाठावा असं मानतात. दहा किलोच्या बाळासाठी ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमची अर्धी ट्यूब. स्ट्रॉबेरीच्या चवीची ट्यूब लहान मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, हे वाक्य मला प्रत्येक लेखात हवं असतं. पेस्टचं प्रमाण तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढं आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढं, हा अमेरिकन डेंटल असोसिएशनचा २०१४ पासूनचा सल्ला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, हेही वाचकाला कळू द्या. फ्लोराइडग्रस्त गावातल्या वाचकासाठी मात्र वेगळा परिच्छेद लिहा: आधी पाण्याची तपासणी, लहान मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्याचा सल्ला.

१०. कोळशाच्या पेस्टबद्दल काय लिहू? आपल्याकडे राखुंडी होतीच की!

होती. गोवऱ्यांची राख, कोळशाची पूड, मीठ, क्वचित तुरटी. आता तीच काळी पूड महागड्या ट्यूबमधून परत आली आहे. २०१७ मध्ये अमेरिकन दंतवैद्यक नियतकालिकातल्या आढाव्याने कोळशाच्या पेस्टची सुरक्षितता आणि परिणामकारकता ठरवण्याइतका पुरावा नाही, असं म्हटलं. डाग घासून निघतात, पण घासून निघणं आणि आतला रंग उजळणं या वेगळ्या गोष्टी. शिवाय बऱ्याच कोळसा पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, तेव्हा घटकांची यादी पाहूनच लिहा.

झीज किती होते, यासाठी आरडीए हा आकडा असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेस्टची मर्यादा २५० आहे. त्याखालच्या पेस्टमध्ये ‘७० वाली चांगली, १२० वाली घातक’ अशी उतरंड लावणारे तक्ते फिरतात, त्यांना आधार नाही.

११. ऑइल पुलिंग, लवंग, कडुलिंब… हजारो वर्षांची परंपरा हा पुरावा नाही का?

काय तपासून पाहावं, हे परंपरा सांगते. तपासलं का, हा पुढचा प्रश्न. कवल आणि गंडूष (तेल किंवा काढा तोंडात घोळवणं आणि भरून ठेवणं) आयुर्वेदात आहेत, पण ‘ऑइल पुलिंगने शरीरातली विषं बाहेर पडतात’ हे विधान कुठल्याही चाचणीतून आलेलं नाही. तिळाच्या तेलाची २००९ ची एक भारतीय चाचणी फार उद्धृत होते: २० किशोरवयीन मुलगे, दहा-दहाचे दोन गट, १० दिवस, तुलना क्लोरहेक्सिडिनशी. दोन्ही गटांत प्लाक आणि सूज कमी झाली. त्यावरून ‘तेल क्लोरहेक्सिडिनइतकंच चांगलं’ असे मथळे निघाले. दहा-दहा मुलांत मोठा फरकसुद्धा नजरेतून सुटतो, त्यामुळे ‘फरक दिसला नाही’ याचा अर्थ ‘सारखेच आहेत’ होत नाही.

लवंगेची गोष्ट थोडी वेगळी. २००६ च्या एका चाचणीत ७३ प्रौढांच्या तोंडात लवंगेचा लेप, बेंझोकेन (जागा बधिर करणारं औषध) किंवा बिनऔषधी लेप लावून सुई टोचली. लवंग आणि बेंझोकेन या दोन्हींनी दुखणं कमी झालं. म्हणजे ‘लवंगेने जागा बधिर होते’ याला आधार आहे. ‘लवंगेने दाढेची कीड बरी होते’ याला नाही, आणि निव्वळ लवंग तेलाने हिरडी भाजते हेही लिहायला हवं. कडुलिंबाच्या काडीबद्दल छोटे अभ्यास आहेत. तिथे मी ‘काडीने नीट घासल्यास प्लाक निघतो’ एवढंच ठेवते.

१२. ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘उपयोग नाही’ असं समजायचं का?

ऑगस्ट २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेसने बातमी दिली की फ्लॉसच्या फायद्याचा पुरावा कमकुवत आहे आणि अमेरिकन सरकारच्या आहारविषयक शिफारशींतून त्याचा उल्लेख गेला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आपल्याकडे मथळा झाला ‘फ्लॉस निरुपयोगी’. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ चाचण्या होत्या. ब्रशच्या जोडीला फ्लॉस वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, खात्री कमी, असा निष्कर्ष निघाला. लांबच्या, मोठ्या चाचण्या झाल्याच नाहीत, ही खरी बातमी. ‘तपासलं, उपयोग दिसला नाही’ आणि ‘नीट तपासलंच नाही’ यांसाठी मराठीत दोन वेगळी वाक्यं आहेत, ती वापरा. हीच सवलत कोळशालाही द्यायची का, असं विचारतात. द्या, फक्त फ्लॉसने सहसा नुकसान होत नाही आणि कोळशाने झिजलेलं एनॅमल (दाताचं कठीण कवच) परत येत नाही, हे लक्षात ठेवून.

१३. ट्यूबच्या तळाला हिरवी पट्टी म्हणजे आयुर्वेदिक, काळी म्हणजे रसायन. हे खरं?

नाही. पॅकिंगच्या यंत्राला ट्यूब कुठे कापायची, वळवायची हे कळावं म्हणून ती खूण असते. घटक वाचायचे असतील तर अक्षरं वाचावीत.

१४. परदेशातला निष्कर्ष इथे जसाच्या तसा चालतो का?

दाताला पासपोर्ट नसतो, पेस्टला असतो. परदेशी लेखात ‘१४५० पीपीएमची पेस्ट वापरा’ असतं, आपल्याकडे मर्यादा १००० ची आहे आणि प्रमाण ट्यूबवर छापणं बंधनकारक. दात उजळवणाऱ्या ब्लीचचंही तसंच. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड दुकानातून थेट विकता येत नाही, आणि ६ टक्क्यांपर्यंतचं दंतवैद्यामार्फतच मिळतं.

उलट बाजूही आहे. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेल्या फ्लोराइड पेस्टने कीड आणखी १३ टक्क्यांनी कमी झाली, असं २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. चार हजारांवर मुलं, म्हणजे भक्कम वाटतं. पण दोन्ही चाचण्या एकाच चमूने, कोस्टारिकातल्या मुलांवर केलेल्या होत्या. संख्या मोठी असली तरी माणसं एकाच गावची असू शकतात.

१५. मशेरीवर लिहिताना ‘काही फायदे, काही तोटे’ असा समतोल ठेवू का?

इथे समतोल नको. आधी शब्द: ‘मिश्री’ लिहू नका, हिंदी वाचणाऱ्याला खडीसाखर वाटते. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. ‘लावल्यावर दुखायचं थांबतं’ असं बायका सांगतात, तो अनुभव खोटा नाही, पण सकाळची तलफ भागल्याचा आराम आणि दाताचा आराम त्यात मिसळलेला असतो. धूरविरहित तंबाखू माणसात कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं वर्गीकरण सर्वांत वरच्या गटातलं आहे. तंबाखू असलेल्या पेस्ट आणि मंजनांच्या उत्पादन-विक्रीवर भारतात १९९२ मध्ये बंदी आली. घरच्या तव्याला कारखाना लागत नाही, म्हणून सवय राहिली. लेख मशेरी लावणाऱ्या बाईला उद्देशून असेल तर तिला खजील करणारी भाषा नको. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यांपैकी काही दिसलं तर सरकारी दंत महाविद्यालयात दाखवा, हे ठळक लिहा.

१६. कंपनीने नमुने पाठवले आहेत. लिहू का?

लिहा, पण मिळाल्याचं वरच सांगा. ‘माझे दात शिवशिवणं दोन दिवसांत थांबलं’ हा तुमचा अनुभव आहे, पुरावा नाही (का, ते प्रश्न २ मध्ये). मोबदला घेऊन लिहिलेल्या मजकुरावर तसं ठळक नमूद करणं २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे.

१७. तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं आज चुकीचं ठरलं तर?

दुरुस्त करा आणि तारीख घाला. ट्रायक्लोसन या जंतुनाशकाचं उदाहरण सांगते. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात ट्रायक्लोसन पेस्टने प्लाक आणि हिरड्यांची सूज दोन्ही २२ टक्क्यांनी कमी झाल्याचं आलं. आढावा चांगला होता. २०१६ मध्ये अमेरिकेने साबणांतून ट्रायक्लोसन काढायला लावलं, पेस्टला मात्र परवानगी राहिली. २०१९ मध्ये कोलगेट टोटल तिथे ट्रायक्लोसनशिवाय आली. म्हणजे पुरावा उलटला नव्हता, वस्तूच बदलली होती. त्यानंतरही एका लेखकाने मला ‘कोलगेट टोटलमधलं ट्रायक्लोसन’ असा परिच्छेद पाठवला, जुन्या लेखातून जसाच्या तसा. तेव्हापासून ब्रँडचं नाव आलं की मी लेखकाकडून ट्यूबच्या मागच्या बाजूचा, त्याच महिन्यात काढलेला फोटो मागते.